मसाई मारात घोड्यावरून सफारी करायचीय? मग आधी हे वाचा

घोड्यावरून सफारी म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, खर्च किती येतो आणि सिंह आला तर काय. दोन्हींबद्दल खाली लिहिलंय, पण ज्यावर सगळी ट्रिप अवलंबून असते तो प्रश्न कुणीच विचारत नाही, तो म्हणजे तुमची मांड कितपत पक्की आहे? जीपमधे बसलेला माणूस नुसता प्रवासी असतो, त्याने डुलकी काढली तरी चालतं. घोड्यावर तसं नाही, शे-दोनशे झेब्रे एकदम उधळले की तुमच्या घोड्यालाही पळावंसं वाटणार, आणि त्या क्षणी त्याला हळू करणं, वळवणं, थांबवणं हे तुमचं काम आहे, गाइड पुढे त्याचा घोडा सांभाळत असतो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, आधी रायडिंग शिका, बुकिंग नंतर. बरेच जण उलटं करतात, पैसे भरून मोकळे होतात आणि मग जायच्या दोन महिने आधी क्लास शोधत फिरतात.

आता कुठे जायचं ते. आफ्रिकेत हे बऱ्याच ठिकाणी होतं पण मायग्रेशन (म्हणजे विल्डबीस्ट आणि झेब्र्यांचं दरवर्षीचं मोठं स्थलांतर, विल्डबीस्ट हे हरणांच्या कुळातलं पण बैलासारखं दिसणारं जनावर) आणि घोडा हे दोन्ही एकत्र हवं असेल तर केनियातला मसाई मारा हे पहिलं नाव. इथे एक गैरसमज असतो तो आधीच काढून टाका. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह हा साधारण १५१० चौरस किलोमीटरचा सरकारी राखीव भाग, तो नारोक काउंटीत येतो, त्याच्या आत या राइड्स जात नाहीत. घोड्यांची राइड होते ती त्याला लागून असलेल्या कन्झर्व्हन्सीजमधे आणि मसाई लोकांच्या जमिनींवर, म्हणजे मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी वगैरे, आणि पूर्वेला लोइटाची मैदानं आणि टेकड्या. कन्झर्व्हन्सी म्हणजे मसाई जमीनमालकांनी एकत्र येऊन आपली जमीन वन्यप्राण्यांसाठी भाड्याने दिलेली असते, त्यांना दरमहा भाडं मिळतं, गुरंही ठरवून दिलेल्या भागात चरतात. रिझर्व्हला आणि या जमिनींना मधे कुंपण नाही, प्राणी आपले इकडून तिकडे. पण याचा अर्थ असा की टीव्हीवर दाखवतात तो नदी ओलांडायचा सीन, मगरी, उंच दरडीवरून हजारो विल्डबीस्ट उड्या मारतायत, तो घोड्यावर बसून बघायला मिळेल असं समजून जाऊ नका. तो बहुतेक रिझर्व्हच्या आत घडतो, राइडमधे एखादा दिवस त्यासाठी जीपने आत नेतात. घोड्यावरून जे मिळतं ते वेगळं, उघड्या माळावर चरणारा कळप, चारी बाजूंनी त्यांचं ते घशातलं हुंकारणं, आणि मधे तुम्ही. मला विचाराल तर हेच जास्त भारी आहे, नदीवर निम्मा वेळ दुसऱ्यांच्या जीपाच बघाव्या लागतात.

कधी जायचं? मायग्रेशन ही काही जत्रा नाही तारीख जाहीर व्हायला. साधारण तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट, सोबत दोनेक लाख झेब्रे आणि बरीचशी थॉमसन्स गॅझेल नावाची छोटी हरणं, हे सगळं वर्षभर टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा मिळून गोल फिरत असतं, पाऊस आणि गवत जिकडे तिकडे. जानेवारी ते मार्च हे कळप खाली टांझानियात, दक्षिण सेरेंगेटी आणि न्दुटूच्या बाजूला, तिथलं आखूड गवत खनिजांनी समृद्ध असतं म्हणून पिल्लं तिथेच होतात, त्यातलीही बहुतेक फेब्रुवारीच्या आगेमागे दोनतीन आठवड्यांत. मग पाऊस ओसरला की पश्चिमेला आणि उत्तरेला, आणि जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मारात. नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू झाला की परत खाली. एखाद्या वर्षी पाऊस लांबतो किंवा लवकर येतो, तसं हे वेळापत्रकही सरकतं, कुणीही एजंट "१२ ऑगस्टला हमखास" वगैरे म्हणाला तर तिथून उठा. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर हा मला सगळ्यात सेफ काळ वाटतो, कळपही असतात आणि जमीनही सुकी. त्यातून लोइटाच्या बाजूचा एक वेगळा छोटा कळप आहे, तोही कोरड्या दिवसांत माराकडे येतो, गव्हाची शेती आणि कुंपणं यामुळे तो आता पूर्वीच्या मानाने खूपच आटलाय, पण घोड्याच्या राइडला अनेकदा आधी तोच भेटतो.

थोडं अवांतर. हे लाखोंचे आकडे कायम असेच होते असं नाही हं. १९६० च्या सुमारास इथे जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट होते. कारण बुळकांडी, आपल्याकडे गुरांना व्हायची तीच. मसाई लोकांच्या गुरांना लसी टोचल्या, रोग हटला, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत कळप पाचपट झाला. २०११ मधे बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे तुम्ही बघायला जाताय त्या गर्दीमागे गुरांच्या लसीकरणाचा मोठा हात आहे, गाइडला सुद्धा हे विचारा, मस्त गप्पा होतात.

आता मांड. मारातल्या मल्टी-डे राइड्स या नवशिक्यांसाठी नाहीतच. माथेरानला किंवा महाबळेश्वरला लगाम धरणारा माणूस सोबत चालत असताना जे फिरतो त्याला रायडिंग म्हणून धरू नका प्लीज. फॉर्मवर "इंटरमीडिएट" असं टिक करायच्या आधी स्वतःला हे विचारा: जमिनीवरून, स्टूल न घेता घोड्यावर चढता येतं का? रिकिबीतून पाय काढून पाच-दहा मिनिटं ट्रॉट (दुडकी चाल) करता येतो का, लगामाला न लोंबकळता? मोकळ्या मैदानात, रिंगणात नाही, सात-आठ घोड्यांबरोबर कँटर (ट्रॉटपेक्षा वेगवान धाव) करताना पुढचा घोडा सुसाट सुटला तरी तुमचा तुम्हाला हळू करता येतो का? घोडा अचानक बाजूला उडाला तर तुम्ही त्याच्यावरच असता का? शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे. रिंगणात छान दिसणारे रायडर माळावर गेल्यावर गडबडतात कारण रिंगणाला कठडा असतो आणि माळाला नसतो.

शिकायचं कुठे तर मुंबईत महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, १९४२ पासूनचा, पुण्याच्या आसपास बरेच स्टेबल आहेत, नाशिक-कोल्हापूरकडेही मिळतील. कुठेही शिका पण शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा की मला शो जंपिंगच्या स्पर्धा नाही करायच्यात, मला बाहेर मोकळ्यावर तासन्तास बसायचंय. मग तो तुम्हाला रायझिंग ट्रॉट, म्हणजे तालावर खोगिरातून उठत-बसत केलेला ट्रॉट, भरपूर करायला लावेल, आणि लाइट सीट, म्हणजे खोगिरातून ढुंगण किंचित वर, वजन टाचांवर, पाठ सरळ पण सैल, घोड्याच्या मानेवरची आयाळ किंवा पट्टा एका हातात. मारात लांब कँटर याच सीटमधे होतात, खाली धपाधपा बसलात तर घोड्याची पाठही जाते आणि तुमचीही. एका हाताने लगाम धरून मानेवर लगाम टेकवून वळवायचं, हेही शिकून ठेवा, तिथले बरेच घोडे तसे तयार केलेले असतात आणि दुसरा हात काटेरी फांदी बाजूला करायला मोकळा राहतो. आठवड्यातून दोनदा बसलात तरी शून्यापासून इथवर यायला वर्ष तरी लागतंच, काहींना जास्त. कुणी तीन महिन्यांत करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करा.

आणि बाहेर नेणाऱ्या स्टेबलबरोबर तीनचार तासांची रपेट करून बघा, लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरात बसताना जे काही दुखतं ते तिथे सहा-सात दिवस दुखणारे, कारण राइडवर रोजचे चार ते सहा तास, आणि कॅम्प हलवायच्या दिवशी त्याहून जास्त पण होतात. मांड्यांच्या आतल्या बाजूला घासतं, गुडघे भरून येतात, कंबर बोलते. जिममधे नुसतं पळून उपयोग नाही, स्क्वॉट, प्लँक, पायऱ्या, आणि कमरेचे स्ट्रेच. वजनाची पण अट असते, बहुतेक ठिकाणी नव्वद किलोच्या आसपास, कुठे कमी कुठे थोडं जास्त, आणि ती खरी असते, तिथे गेल्यावर काट्यावर उभं करायला कमी करत नाहीत. यात लाज वाटायचं काही नाही, घोडा सोळाशे-सतराशे मीटर उंचीवर दिवसभर तुम्हाला वाहून नेणार असतो.

इतकं वाचून वाटलं की आपलं काही जमणार नाही तर दुसरा रस्ता आहे. केनियातच लैकिपियामधे, नैवाशाच्या आसपास तास-दोन तासांच्या किंवा अर्ध्या दिवसाच्या राइड मिळतात, तिथे शांत घोडे असतात आणि जिराफ-झेब्रे जवळून बघायला मिळतात. आणि ज्यांना झेब्रेच आवडतात त्यांनी बोत्स्वानातलं मकगाडिकगाडी बघावं, पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, तिथे झेब्र्यांचे हजारोंचे कळप बोटेती नदीकडून खारट पॅन्सच्या (मिठाच्या सपाट मैदानांच्या) गवतावर येतात. पूर्वी मधे गुरांची मोठी कुंपणं होती, ती २००४ मधे काढल्यावर ओकावांगोकडच्या झेब्र्यांनी जुना रस्ता परत धरला. जमीन सपाट, नजर जाईल तिथवर मोकळी. पण ही पोस्ट माराबद्दल आहे, सो परत माराकडे.

ऑपरेटर निवडताना वेबसाइटचे फोटो बघू नका, मेल लिहून प्रश्न विचारा. लीड गाइड कोण आणि किती वर्षं याच भागात घोड्यावरून फिरतोय, केनियात गाइडसाठी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात त्यातली कुठली पास आहे, ग्रुपच्या मागे चालणारा दुसरा गाइड असतो का, बंदूक किंवा लांब चाबूक कोण ठेवतं, जादा घोडे किती, पडून कुणाला लागलं तर गाडी किती वेळात पोचते, रेडिओ आहे का सॅटेलाइट फोन. पहिल्या दिवशी टेस्ट राइड घेतात का हे तर नक्कीच विचारा. जे घेत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका, कारण मग तुमच्या पुढे-मागे कोण बसलंय हे तुम्हालाही माहीत नसतं आणि त्यांनाही. ग्रुपमधे एकच जण कच्चा असला तरी सगळ्यांची राइड त्याच्या वेगाने होते. मित्रमंडळींचा ग्रुप करताना हे लक्षात असू द्या, लाजेखातर कुणाला ओढून नेऊ नका.

खर्चाचं थोडक्यात. रोजचे शेकड्यांनी डॉलर, आठवड्याची राइड म्हणजे हजारो डॉलर, विमान, विमा, टिप धरून माणशी काही लाख रुपये. स्वस्त नाही, आणि यात स्वस्त शोधूही नये, कारण ऑपरेटरला पैसे वाचवायची जागा एकच असते, घोड्यांची देखभाल. पूर्ण मोबाइल कॅम्प, ट्रक, स्वयंपाकी, सईस (हो तिथेही घोडेवाल्याला सईसच म्हणतात), घोड्यांचा खुराक, जमिनीचं भाडं हे सगळं त्यात येतं.

कागदपत्रं: केनियाला आता व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) लागतो, जानेवारी २०२४ पासून, ऑनलाइन भरायचा, शेवटच्या आठवड्यात नको. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहाएक तास, घड्याळ अडीच तास मागे. पिवळ्या तापाची लस म्हणजे यलो फीव्हर, ही सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि कधीकधी ती पटकन मिळत नाही, घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होते, एकदा घेतली की जन्मभर. ही लस परत येताना लागते, केनियातून भारतात येणाऱ्याकडे ते कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे ठेवू शकतात. मारात मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरशी बोला. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर ते पण घ्या.

विमा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत घोडेस्वारी अनेकदा वगळलेली असते, बारीक अक्षरात, ॲडव्हेंचर स्पोर्ट या नावाखाली. एजंट तोंडी "हो कव्हर होतं" म्हणेल, त्याला मेलवर लिहून मागा. त्याच्या जोडीला ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं कव्हर घ्या, १९५७ पासून पूर्व आफ्रिकेत विमानाने पेशंट उचलणारी संस्था आहे ती, पर्यटकांसाठी त्यांची थोड्या दिवसांची मेंबरशिप मिळते, काही ऑपरेटर ती पॅकेजमधेच देतात. मारातून मोडलेला हात घेऊन गाडीने नैरोबी गाठायची म्हणजे काय हाल होतील याचा विचार करा आणि पैसे भरा.

सामान. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जायचं असेल तर साधारण पंधरा किलो, आणि ते पण मऊ बॅगेत, चाकांची कडक सूटकेस चालत नाही. हेल्मेट स्वतःचं न्या, घोडेस्वारीचंच, बाइकचं नाही (लोक आणतात, खरंच). हेल्मेट हातसामानात, बूट पायात, बाकी बॅग हरवली तरी राइड होते. ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार) किंवा जोधपुरी दोन-तीन, कॅम्पमधे रोज कपडे धुवून देतात. पण आतले कपडे बहुतेक ठिकाणी स्वतःचे स्वतः धुवायचे असतात. हाफ चॅप्स (पोटऱ्यांवर चढवायची जाड आवरणं) हव्यातच, नाहीतर रिकिबीचे पट्टे पोटऱ्या सोलून काढतात. शिवण नसलेल्या चड्ड्या, व्हॅसलीन, बँड-एड. पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट खाकी, हिरवट, मातकट, पांढरा नको, गडद निळा-काळा पण नको कारण चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. पहाटे चांगलीच थंडी असते, दहा-बारा डिग्री, आणि दुपारी ऊन, म्हणून फ्लीस कमरेला बांधता येईल असं. रेनकोट असा की अंगावर फडफडणार नाही. आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नको, केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे, चिवड्या-लाडवांच्या पिशव्यांचं काय करायचं ते घरीच ठरवा, मी कापडी पिशवी आणि स्टीलचा डबा नेते.

घोड्यांबद्दल चार शब्द, कारण आपण ज्याच्या जिवावर जाणार त्याची माहिती हवी. या भागात घोडा मुळात टिकणं अवघड. आफ्रिकन हॉर्स सिकनेस म्हणून विषाणूचा आजार आहे, चिलटासारख्या बारीक माश्या तो पसरवतात, झेब्र्याला त्याचं काही होत नाही पण घोडा बहुतेक वेळा मरतो. (हीच साथ १९५९ नंतर पश्चिम आशियातून पाकिस्तान-भारतापर्यंत आली होती, या सगळ्या पट्ट्यात तीन लाखांवर घोडे-गाढवं-खेचरं गेली.) त्यात त्सेत्से माशीमुळे होणारा नगाना, आणि गोचिडीचा ताप. म्हणून घोड्यांना दरवर्षी लस, रोज गोचिडी काढणं, संध्याकाळी औषध फवारणं हे चालू असतं. राइड संपल्यावर सईस तुमच्या घोड्याच्या कानात, शेपटीखाली बोटं घालून बघत असेल तर समजा चांगल्या ठिकाणी आलात. तुम्ही पण मदत करा, खरारा करा, पाणी दाखवा, दुसऱ्या दिवशी घोडा तुमचं जरा जास्त ऐकतो असा माझा तरी समज आहे. घोडे बहुतेक थरोब्रेडचे (रेसच्या घोड्यांच्या जातीचे) क्रॉस, काही सोमाली रक्ताचे काटक, काही दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरपर्ड जातीचे. तुम्हाला कुठला मिळणार हे तुमच्या फॉर्मवरून ठरतं, सो फॉर्मवर खोटं लिहिलंत तर खोटारड्यालायक घोडा मिळेल.

आता प्रत्यक्ष कळपाजवळ जायचं कसं. घोड्यावर बसलेला माणूस प्राण्यांना माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी येतंय आणि वास घोड्याचा, म्हणून झेब्रे तर कधीकधी स्वतःहून बघायला येतात. पण ही सवलत तुम्ही शांत असाल तोवरच. जवळ जाताना कधीही नाकासमोर सरळ चालत जायचं नाही, तिरकं जायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे थांबून घोड्याला गवत खाऊ द्यायचं, आपण पण चरायलाच आलोय असं. गाइड ज्या रांगेत चालतो त्याच रांगेत राहा, बाजूला पसरलात तर कळपाला वाटतं घेरतायत. बोलणं हळू चालतं, अचानक हात वर करून "ते बघा" नाही चालत, आणि घोड्यावरून उतरणं तर बिलकुल नाही, जमिनीवर पाय टेकला की त्यांच्यासाठी तुम्ही दोन पायांचा प्राणी झालात आणि सगळा माळ क्षणात रिकामा होतो.

विल्डबीस्ट झेब्र्यांपेक्षा बिचकतात. डोकी वर झाली, फुरफुरणं सुरू झालं, एकदोन जण खूर आपटायला लागले की थांबा, तिथून पुढे गेलात तर ते पळणार. पळाले तर? हीच ती गॅलप, म्हणजे भरधाव दौड, ज्यासाठी सगळे आलेले असतात, आणि खरंच त्यासारखं काही नाही, धूळ, टापा, बाजूने पळणारी ती विचित्र खांदे उंच आणि पाठ उतरती जनावरं. पण नियम आहेत. कळपाला समांतर पळायचं, मागे लागायचं नाही, त्यांच्या पुढे आडवं जायचं नाही, आणि कळप मधून तोडायचा नाही, पिल्लू आईपासून तुटलं तर तरसाच्या तोंडी गेलंच समजा. गाइडच्या पुढे तर कधीच नाही. थोडं पळून गाइड हात वर करेल की सगळ्यांनी हळू, आणि हे आधीच ठरलेलं असतं. जिराफ मात्र मजेदार, ते स्लो मोशनमधे पळतायत असं वाटतं आणि तुमचा घोडा फुल स्पीडमधे असूनही ते पुढे जातात.

मोबाइल चेन असलेल्या खिशात, दोरीने बांधलेला. कँटरमधे फोटो काढायचा नाही, रीळ तर नाहीच. जॅकेट काढायचंय, टोपी उडाली, पाणी प्यायचंय, काहीही असलं तरी आधी गाइडला ओरडून सांगा, सगळे थांबतील, मग काढा. फडफडणारं जॅकेट आणि अर्धा सुटलेला हात या कॉम्बिनेशनने सिंहापेक्षा जास्त लोक पडतात.

हां, सिंह. गवतात सिंह दिसला तर एकच नियम, पळायचं नाही. पळणारं जनावर म्हणजे शिकार, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. सगळे घोडे एकमेकांना चिकटून उभे, तोंडं सिंहाकडे, गाइड पुढे. अशावेळी एक मोठा अनोळखी पुंजका दिसतो आणि सिंह बहुतेक वेळा उठून निघून जातो. नाही गेला तर गाइड ओरडेल, चाबकाचा फाटकन आवाज काढेल, आणि तुम्हाला हळूहळू मागे घ्यायला सांगेल, चालत. तुमचा घोडा तोवर थरथरत असेल, त्याचं हृदय तुमच्या पायांना कळतं, तेव्हा लगाम आवळून धरू नका, श्वास सोडा, खोल बसा. हेच करता यावं म्हणून वर एवढं मांडपुराण लावलं.

मला विचाराल तर सिंहापेक्षा म्हशीची, म्हणजे केप बफेलोची जास्त काळजी घ्यावी. मोठा कळप ठीक, तो बाजूला होतो. पण झुडपात एकटा बसलेला म्हातारा नर, हा अचानक उठतो आणि सरळ येतो. म्हणून गाइड दाट झुडपातून जाताना वळसे घेतो, बोलत, आवाज करत जातो, तेव्हा "शॉर्टकटने जाऊया ना" असं म्हणू नका. हत्तींच्या बाबतीत वारा बघायचा, आपला वास त्यांच्याकडे जाणार नाही अशी बाजू घ्यायची आणि मागे पळायला मोकळी जागा ठेवायची, हा एक प्राणी असा की तो आला तर खरंच पळायचं असतं, गाइड सांगेल त्या दिशेने. पाणघोडा पहाटे पाण्याबाहेर असतो, त्याच्या आणि पाण्याच्या मधे कधी यायचं नाही. नदी ओलांडताना उथळ, खडकाळ, वर्षानुवर्षांची ठरलेली जागा असते, आधी कुणीतरी पाहणी करतं, मग एकामागोमाग एक, न थांबता, घोड्याला मधे पाणी प्यायला देऊ नका.

प्राण्यांपेक्षा जास्त वेळा धोका देते ती जमीन. वाळवी खाणाऱ्या आर्डवार्कची आणि रानडुकरासारख्या वॉर्टहॉगची बिळं गवतात दिसत नाहीत, पुढचा गाइड ओरडला "होल!" की तुम्ही मागच्याला ओरडायचं. घोड्याचा पाय अडखळला तर लगाम सैल सोडा, मागे बसा, त्याला डोकं वापरू द्या, तो स्वतःला सावरतो. आपण घाबरून लगाम ओढतो आणि तिथेच दोघं पडतो. पाऊस झाला की माती चिकटते, तिला तिथे ब्लॅक कॉटन सॉइल म्हणतात, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी कपाशीची जमीन जशी तशीच, ओली असताना साबण आणि सुकली की भेगा. अशावेळी घोडे पळवत नाहीत, राइड नुसत्या चालीनेच होते, रुसू नका. व्हिसलिंग थॉर्न नावाची बाभूळ असते, तिच्या फुगीर गाठींत मुंग्या राहतात आणि वारा आला की त्या गाठींच्या भोकांतून शिट्टी वाजते. गुडघा तिच्यावर घासला की काटे आणि मुंग्या दोन्ही मिळतात.

पडलात तर? पडतात लोक, चांगले चांगले पडतात. लगाम हातात राहिला तर छान, नाही राहिला तर सोडा, फरफटत जाऊ नका. घोडा बहुतेक बाकीच्या घोड्यांकडेच जातो. तुम्ही जागेवर बसून राहा, उठून त्याच्यामागे माळावर चालत जायचं नाही, गाइड येईपर्यंत. डोक्याला मार लागला असेल तर "मी ठीक आहे" म्हणून परत चढू नका, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरू नका.

रात्री कॅम्पच्या मधे घोडे एका लांब दोरीला बांधलेले असतात, कंदील, शेकोटी आणि पहारा देणारे मसाई अस्कारी. तरसांचं ओरडणं रोजचं, सिंहाची डरकाळी शांत रात्री आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते त्यामुळे तंबूबाहेरच आहे असं वाटलं तरी बहुतेकदा नसतो. तरी रात्री तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही, टॉर्चने इशारा करा, अस्कारी येतो. बादलीचा शॉवर, खड्ड्याचा संडास, दोन्ही स्वच्छ असतात. शाकाहारी, जैन, अंडं नाही, जे असेल ते बुकिंगच्या वेळीच लिहा, केनियात गुजराती लोक पिढ्यान्पिढ्या आहेत, चपाती आणि चाय हे शब्द स्वाहिलीतच गेलेत, त्यामुळे स्वयंपाक्याला शाकाहार काही नवीन नसतो. चार स्वाहिली शब्द शिकून जा, फरासी म्हणजे घोडा, न्युंबू म्हणजे विल्डबीस्ट, पोले पोले म्हणजे हळू, असांते म्हणजे थँक्यू. पोले पोले सगळ्यात जास्त ऐकाल, बहुतेक तुम्हालाच उद्देशून.

शेवटी टिपचं. सईस, स्वयंपाकी, अस्कारी सगळ्यांची मिळून एक पेटी असते आणि गाइडला वेगळी, अंदाज ऑपरेटरला आधीच मेलवर विचारून घ्या आणि नैरोबीतूनच पैसे काढून ठेवा, माळावर एटीएम नाही. जुनी हेल्मेटं, ग्लोव्हज, चांगल्या अवस्थेतले बूट सईसांना देऊन टाका, तिथे ती सहज मिळत नाहीत, मार लागलेलं हेल्मेट मात्र देऊ नका. परत निघताना बूट-चॅप्स घासून धुवा, कपड्यांत गोचीड नाही ना बघा, आणि ते पिवळं लसीकरण कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इन बॅगेत नको, मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्याही आधी तेच मागतात.